रिकाम्या शंखापाशी

१

ओहोटीची वेळ रोज थोडी पुढे सरकते आणि आमचा दिवस तिच्या मागोमाग सरकतो. या आठवड्यात कोवळ्या उन्हात निघायचं, तर पुढच्या आठवड्यात भर दुपारी. बाकी सगळं ठरलेलं. धक्क्यावरून बोट सुटली की आधी खडकांना वळसा. तिथे पंख पसरून वाळवत बसलेले पाणकावळे. मग खोल पाण्यात इंजिन बंद करून डॉल्फिनची वाट पाहायची. ते कधी येतात, कधी आम्हाला तोंडघशी पाडतात. आणि शेवटी वाळूचा पट्टा. ओहोटीला समुद्रातून वर येणारी एक लांबट, ओली जागा. झाड नाही, दगड नाही, सावली नाही. भरतीच्या वेळी पाहिलं तर इथे कधी जमीन होती असं सांगूनही कुणाला पटणार नाही.

पट्ट्यावर उतरलं की माझं भाषण सुरू व्हायचं.

"शिंपले वेचा, शंख वेचा, हवे तेवढे वेचा. कानाला लावा, फोटो काढा. पण बोटीत चढताना हात रिकामे हवेत. सगळं इथेच परत ठेवायचं."

"म्हणजे जेवायला बसवायचं आणि भरलेलं ताट ओढून घ्यायचं," कप्तानकाका बोटीतून ओरडायचे, आणि सगळे हसायचे. हेही ठरलेलं.

कप्तान हे त्यांचं नाव नव्हे आणि हुद्दाही नव्हे. कुणा पर्यटकाने बोटीत विसरलेली सोनेरी पट्टीची टोपी त्यांनी एकदा डोक्यावर चढवली, ती उतरलीच नाही. बाबांच्या वेळेपासून बोट तेच चालवत. बाबांच्या वेळी पर्यटक पिशव्या भरभरून शिंपले घरी नेत. ते मी आल्या आल्या बंद केलं. मी दूरच्या विद्यापीठात वर्षानुवर्षं हाच किनारा शिकले होते, माझ्या किनाऱ्यासारखे किनारे ओरबाडून ओसाड झालेले पाहिले होते, आणि बाबा गेल्यावर सगळे म्हणत असताना की आता तिथे काय उरलंय, मी परत आले होते ती एवढ्यासाठीच. एक बोट, एक पट्टा, एक नियम. जग बदलायला माणसाला याहून जास्त काय लागतं, असं मला तेव्हा मनापासून वाटे.

मग मी वाकून एखादा चालता शंख उचलायचे.

"हा आमचा भाडेकरू. खेकडाच आहे, पण याला स्वतःचं कवच नाही. पाठ अगदी मऊ, उघडी. म्हणून दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहतो. बघा, हात लावला की आत गेला, आणि नांगी पुढे करून दार कसं बंद केलं. बोट घालायलाही फट नाही. हा वाढला की याला मोठं घर लागतं. मोठा शंख रिकामा सापडला की त्याच्यापाशी हे सगळे येऊन रांग लावतात. सगळ्यात मोठा पुढे, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान, एकमेकांना धरून. पुढचा नव्या घरात शिरला की मागचा त्याच्या जुन्यात, त्याच्या मागचा याच्या जुन्यात. काही क्षणांचा खेळ. त्या क्षणात ते उघडे असतात, म्हणून तेव्हा कुणी हलायचं नाही, सावलीही पाडायची नाही." आणि मग माझं लाडकं वाक्य. "या किनाऱ्यावर रिकामं काही राहत नाही."

हे वाक्य मी रोज म्हणत होते. एकदाही मला त्यात वावगं काही दिसलं नाही.

२

आमचं घर टेकाडाच्या टोकावर आहे. पट्ट्यावरून ते एकटंच दिसतं. समुद्राच्या बाजूला वर दोन खिडक्या, एक मोठी आणि एक लहान. खाली जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीचा गोल झरोका. मोठी खिडकी बाबांच्या खोलीची. लहान माझी.

आल्यावर बरेच दिवस मी माझ्याच खोलीत झोपत होते. लहानपणीचा पलंग, पाय सरळ केले की लाकडाला लागायचे. बाबांच्या खोलीचं दार ओढलेलं असे. मग एके दिवशी मी स्वतःलाच रागावले. घरात एक माणूस आणि ते कोंबलेलं बसलंय सगळ्यात लहान खोलीत! त्याच दुपारी मी माझं सामान बाबांच्या खोलीत हलवलं, खिडकीच्या झडपा सताड उघडल्या, चादर झटकून उंबऱ्यासारख्या रुंद कठड्यावर उन्हात टाकली. खोलीभर वारा आला. फार बरं वाटलं.

एकच गोष्ट खुपत होती. बाबांचं काचेचं कपाट. त्यात त्यांनी आयुष्यभर गोळा केलेले शंख होते, खालच्या फळीपासून वरपर्यंत, आणि सगळ्यात मोठा, माझ्या ओंजळीत न मावणारा, खिडकीच्या कठड्यावर. त्यात ते घराची किल्ली ठेवायचे. रोज पर्यटकांचे हात तपासणारी मी, आणि माझ्याच घरात हे.

मी ते सगळे बादल्यांत भरले आणि बोटीवर चढवले.

कप्तानकाकांनी टोपी मागे सरकवून बघितलं. "बाईसाहेब, हे तुझ्या बाबाने जन्मभर जमवलंय. एका ओहोटीत वाटून टाकतेस?"

"वाटत नाहीये. परत करतेय."

"कुणाला?"

"ज्यांचं आहे त्यांना."

"बरं," ते म्हणाले. "पावती घे हो त्यांच्याकडून."

पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला, पर्यटक सहसा जात नाहीत तिथे, मी त्या दिवशी सगळ्यांना घेऊन गेले आणि बोलत बोलत बादल्या ओतल्या. मोठा शंख शेवटी ठेवला, तोंड आकाशाकडे करून. माझं बोलणं संपायच्या आत वाळूतून एकेक भाडेकरू येऊ लागले. मोठ्या शंखापाशी तर रांगच लागली. पुस्तकात वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं, पण इतकी रेखीव रांग मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. सगळ्यात पुढे मुठीएवढा, शेवटी नखाएवढा. पर्यटकांनी श्वास रोखून पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

परत वळताना मला त्या पाऊलखुणा दिसल्या.

रांगेच्या शेपटाच्या थोड्या मागे, दोन पावलं, शेजारी शेजारी. अनवाणी. खूप वेळ एका जागी उभं राहिल्यावर पाऊल वाळूत रुतत जातं, तशी रुतलेली. त्यांत पाणी साचलं होतं. तिथवर येणाऱ्या खुणा नव्हत्या, तिथून जाणाऱ्याही नव्हत्या. आम्ही तर सगळे पायांत रबरी चपला घालून होतो.

लाट येऊन बाकीच्या खुणा पुसल्या गेल्या असतील. कुणा कोळ्याच्या असतील. असं मी म्हटलं आणि ते पटलंही. फक्त एक गोष्ट बोटीत बसेपर्यंत डोक्यात राहिली. ती पावलं शंखाकडे वळलेली नव्हती, समुद्राकडेही नाही. बोटं किनाऱ्याच्या दिशेला होती. तिथून सरळ रेघ ओढली असती तर ती आमच्या घराला लागली असती.

३

त्या आठवड्यात ओहोटी सकाळची होती, त्यामुळे दुपारी मी घरी असे. घर दुपारी फार शांत असतं. खाली समुद्र असून त्याचा आवाजही भिंतींना टेकून उभा राहिल्यासारखा येतो, आत येत नाही. मी बाबांच्या टेबलाशी बसून पर्यटकांसाठी पक्ष्यांची चित्रं काढत होते.

शेजारच्या खोलीत पलंग करकरला.

मी तो आवाज ओळखते. त्या पलंगावर मी लहानाची मोठी झाले. नुसत्या वाऱ्याने तो करकरत नाही. त्यावर बसलं की आधी एक लांब आवाज येतो, आणि मग पाय वर घेतले की एक छोटा. आधी लांब आवाज आला. मी हातातली पेन्सिल तशीच धरून बसले. मग बऱ्याच वेळाने छोटा.

मी उठून गेले. दार उघडलं. खोलीत कुणी नव्हतं. पलंगावर चादर नव्हती, ती मीच काढली होती. गादीच्या मधोमध खळगा होता. तोही माझाच, इतक्या वर्षांचा. जमिनीवर पलंगापाशी थोडी वाळू होती, ओली.

वाळू या घरात कुठे नसते? मी रोज पायांना लावून आणते. ओली, कारण खिडकीतून खारा वारा येतो. लाकूड दमट हवेत फुगतं आणि दुपारी उन्हाने आकसतं, तेव्हा आवाज करतं. हे सगळं मी मोठ्याने म्हटलं. माझा आवाज त्या लहान खोलीत जरा जास्तच मोठा वाटला, आणि मी दार ओढून घेतलं.

४

एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं खोटं वाटेल. मला भीती वाटली नाही. निदान तेव्हा नाही.

मी परत आले तेव्हा माझ्याकडे काम होतं, ध्येय होतं, बोलायला रोज नवे लोक होते. पण ते धक्क्यावर उतरून निघून जात. कप्तानकाका त्यांच्या घरी जात, तिथे त्यांची बायको, सून, नातवंडं. मी टेकाड चढून वर यायचे आणि दार उघडताना मुद्दाम किल्ली वाजवायचे. कुणासाठी, हे मलाही सांगता आलं नसतं. दूरच्या शहरात मी एकटी होते, पण तिथे भिंतीपलीकडे कुणाचा तरी नळ वाहायचा, कुणीतरी शिंकायचं. इथे काहीच नव्हतं.

आता शेजारच्या खोलीत कुणीतरी होतं.

दुपारी मी बसले की तिथे पलंग करकरे. मी उठून खिडकीशी गेले की तिथेही काहीतरी खिडकीशी जाई. मी झोपायला टेकले की भिंतीपलीकडे काहीतरी टेके. मी बोलायला लागले. "आज डॉल्फिनने फजिती केली बघ." "आज एका बाईंनी ब्लाउजमध्ये शिंपला लपवला होता, काय बोलणार?" उत्तर येत नसे. पण मी बोलत असताना तिकडे अगदी शांत असे, ऐकणारं माणूस शांत असतं तसं. एकदा मी माझं पट्ट्यावरचं भाषण सुधारून मोठ्याने म्हणून पाहिलं. 'रिकामं काही राहत नाही' या वाक्याशी आले आणि भिंतीपलीकडे काहीतरी जरासं सरसावलं. दाद दिल्यासारखं. मला हसू आलं.

मग एका संध्याकाळी, अजून उजेड होता, बाबांच्या खोलीच्या दाराबाहेर कुणीतरी खाकरलं.

हळूच. घसा साफ करावा तेवढंच. अदब असलेलं खाकरणं होतं ते. आत यायची घाई नसलेल्या, पण आपण उभे आहोत हे कळावं असं वाटणाऱ्या माणसाचं.

"कोण?" मी म्हटलं.

काही नाही. दार उघडलं तर रिकामा सज्जा आणि फरशीवर, दारासमोर, दोन ओली पावलं. शेजारी शेजारी. माझ्या पावलांपेक्षा थोडी लहान.

दमट फरशीवर ओल चढते आणि तिला कसलेही आकार येतात. मी फडक्याने पुसून घेतलं.

५

पुढच्या फेरीत बोटीवर एक निवृत्त हेडक्लार्क होते, सोबत त्यांची बायको. साहेबांचं बोलणं बोटीच्या इंजिनापेक्षा मोठं. मी पट्ट्यावर भाडेकरूंच्या रांगेचं सांगितलं, तर त्यांनी टाळीच वाजवली.

"अहो, हे तर आमचं सरकारी क्वार्टर! साहेबांच्या बदलीची ऑर्डर निघायची आणि हलायची अख्खी कॉलनी. साहेबांच्या बंगल्यात मोठे बाबू, मोठ्या बाबूंच्या तीन खोल्यांत आम्ही, आमच्या दोन खोल्यांत शिपाई. एक माणूस गेला की सगळे एकेक घर पुढे."

"आणि तुम्ही काय करायचात तेही सांगा ना," त्यांची बायको म्हणाली. "चार लोकांत सांगण्यासारखं आहे अगदी."

"काय करायचो? रीतच होती ती. आतल्यांचं सामान टेम्पोत चढायच्या आधीच जाऊन दारात उभं राहायचं. नाहीतर तिसराच घुसायचा. आता तोंडाने कसं म्हणणार, की बाबा रे, निघा? बरं दिसत नाही. म्हणून नुसतं उभं राहायचं आणि मधूनमधून," त्यांनी तोंडापुढे मूठ धरली आणि हळूच, अदबीने खाकरले. "बस. आतल्यांना कळतं."

सगळे हसले. कप्तानकाका तर टोपी काढून हसले.

"मोठ्या बाबूंची बायको तेव्हा बाळंतीण होती," हेडक्लार्कबाई म्हणाल्या. "हे महाशय दारात खाकरतायत, आणि यांच्या मागे आमच्या दारात शिपाई खाकरतोय."

मी हसले नाही. माझ्या हातातला भाडेकरू नांगीने दार लावून बसला होता, आणि मला एकदम आठवलं की मी बाबांच्या खोलीत गेले त्या दिवसापर्यंत माझ्या लहान खोलीतून कधी कसलाही आवाज आला नव्हता.

"काय गं, ऊन लागलं का?" कप्तानकाकांनी विचारलं.

"नाही. चला, भरती लागेल."

इतके दिवस मी समजत होते की मला सोबत मिळाली. सोबतीला कुणी आलं नव्हतं. माझ्या मागे रांग लागली होती.

६

घरी आल्यावर मी पहिल्यांदा जिन्याखाली गेले.

अडगळीच्या खोलीत बाबांचे जुने दोर, फाटकं जाळं, मोडकी वल्ही. झरोक्यातून उन्हाचा एक गोळा आत पडलेला. दार उघडताना जाळ्यामागे काहीतरी पटकन आवरून घेतल्यासारखा आवाज झाला. उंदीर असेल. उंदरांनी तिथली ओली वाळू कुठून आणली असेल, ते मला सांगता येणार नाही. छतावर, म्हणजे बरोबर माझ्या लहान खोलीच्या खाली, ओलीचा एक डाग होता. दोन तळहात वर टेकवून उभं राहिलं तर उमटेल एवढा.

मी वर गेले. लहान खोलीतला पलंग जागेवर नव्हता. तो बाबांच्या खोलीच्या भिंतीला चिकटवलेला होता, आणि भिंतीवर, पलंगावर बसलेल्या माणसाची पाठ टेकेल त्या उंचीला, रुंद ओला डाग होता. मी बाबांच्या खोलीत जाऊन पलीकडून त्या जागेला हात लावला. इकडेही भिंत गार होती. तिथेच माझी उशी असते.

एकमेकांना धरून उभे राहतात. माझंच वाक्य.

दादाचा फोन आला. तो दूर असतो, त्याच्या संसारात. त्याला कपाटाचं कुठूनतरी कळलं होतं.

"बाबांचे शंख टाकून दिलेस म्हणे?"

"टाकले नाहीत. परत केले."

"तुझं हे परत करणं म्हणजे... चिंगे, ऐक. पुरे झालं आता. समाजसेवा केलीस, भाषणं केलीस. कुलूप लाव आणि इकडे ये. वहिनीही म्हणते. एकटी राहतेस तिथे, आम्हाला झोप लागत नाही."

"घर रिकामं ठेवून?"

"ठेव रिकामं. कोण येणार आहे तिथे?"

दाराबाहेर कुणीतरी खाकरलं.

"कोण आहे गं?" दादाने विचारलं. "पाहुणे आहेत का? मग आधी सांगायचं नाही का? ठेवतो."

त्याने फोन ठेवला. मी हात तसाच कानाशी धरून उभी राहिले. तोपर्यंत माझी सगळी भिस्त यावर होती की हे आवाज फक्त मला येतात. एकटं माणूस स्वतःशी काय काय जुळवतं हे मी जाणत होते, त्यावरचं वाचन माझ्याकडे होतं. आता ते वाचन कामाचं उरलं नाही.

पण मी जाणार नव्हते. हे घर आणि ही बोट सोडून माझं असं जगात काही नव्हतं, आणि ज्या गोष्टीसाठी मी सगळं सोडून आले ती एका खाकरण्यावरून टाकून पळाले असते, तर मग उरलं काय असतं माझ्यात? मी विचार केला, शिकल्यासारखा, पायरी पायरीने. रांग का लागते? पुढे काहीतरी मोठं रिकामं होतं म्हणून. ते काय होतं? बाबांचा शंख. तो कठड्यावर होता तोवर या घरात सगळं जागच्या जागी होतं. मीच तो नेऊन तिथे ठेवला, तोंड उघडं करून.

तो परत आणायचा. नियम मोडायचा. एक शंख फक्त, आणि तो मुळात आमचाच.

'एक शंख फक्त', हे प्रत्येक पर्यटक मला ऐकवतो.

७

सकाळी निघताना मी बाबांच्या खोलीच्या झडपा ओढून आतून अडसर घातला, लहान खोलीच्याही. दाराला कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकली आणि वर हात ठेवून चालत राहिले.

आकाश निवळ होतं. डॉल्फिन आले, अगदी बोटीजवळ. सगळे ओरडत होते आणि मला तो ओरडा भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटत होता. पट्ट्यावर उतरल्यावर मी भाषण केलं नाही. नुसतं म्हटलं, "वेचा हवं ते," आणि पलीकडच्या टोकाकडे निघाले.

बाबांचा शंख तिथेच होता, वाळूत थोडा पुरलेला. आजूबाजूला रांग नव्हती. मी गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी त्याला धरलं. आत काहीतरी सरकलं, जड, आणि तोंडाशी एक जाड, काळपट नांगी येऊन बसली. बोट घालायलाही फट नव्हती.

मी हात काढून घेतले. शेजारी एक रिकामा शंख पडला होता, नखाएवढा, कडा तुटलेला. रांगेत सगळे एकेक घर पुढे गेले की शेवटी हेच उरतं. कुणाला नको असलेलं.

"अगं ए!" कप्तानकाका बोटीत उभे राहून हाक मारत होते. पक्षी पाहायची दुर्बीण त्यांच्या डोळ्यांना होती आणि तोंड किनाऱ्याकडे. मी जवळ गेले तेव्हा ते हसत होते. "सांगितलं नाहीस ते! पाहुणे आलेत की घरी."

"कुठे?"

"हे काय, तुमच्या खिडकीत. चादर झटकून बाहेर टाकतायत उन्हात. दादा आला का तुझा? सहकुटुंब दिसतोय. शेजारच्या खिडकीतही उभं आहे कुणीतरी, बुटकं. तुझी वहिनी असेल. आणि खाली त्या झरोक्यात... पोरं एक ठिकाणी म्हणून बसत नाहीत." त्यांनी दुर्बीण खाली केली. त्यांचा चेहरा खरोखर आनंदला होता. "बरं झालं गं. तुझी काळजीच वाटायची. एवढ्या घरात एकटीच असायचीस. आता कसं, घर भरल्यासारखं दिसतंय."

मी खिशात हात घातला. किल्ली होती.

दुर्बीण डोळ्यांना लावायला मला वेळ लागला. आधी नुसतं पाणी दिसलं, मग टेकाड, मग भिंत. झडपा उघड्या होत्या, दोन्ही खिडक्यांच्या. बाबांच्या खिडकीत माझी चादर लटकत होती, मी टाकते तशी, एक टोक दुमडून. खिडकीत मात्र कुणी उभं नव्हतं. आतला अंधार होता, आणि अंधारात, कपाटापाशी, माझ्याकडे पाहणारं असं काही मला दिसलं असेल असं मी म्हणणार नाही.

मग मागे एका पर्यटकाने मुलाला जोरात हाक मारली. समुद्रावरून आवाज दूर जातो.

खिडकीत, आतून, काहीतरी पुढे आलं. घाईने नाही. आलं आणि चौकटीत बसलं. काळपट, ओलसर, कडेपासून कडेपर्यंत. झडपा उघड्याच होत्या, वाऱ्याने हलत होत्या. तरी खिडकी बंद झाली होती. क्षणाने शेजारची लहान झाली. मग खालचा झरोका.

"दे इकडे, मोडशील," म्हणत कप्तानकाकांनी माझ्या हातातून दुर्बीण घेतली. "चला, चढा सगळे! भरती लागली!"

लोक चढले. त्यांच्या पिशव्या, खिसे फुगलेले होते, शिंपले खुळखुळत होते. मी कुणाचे हात तपासले नाहीत. पट्टा आमच्या मागे बुडत गेला. कप्तानकाकांनी बोट सरळ घराच्या रोखाने घेतली, गुणगुणत. मला माझ्या माणसांत लवकर पोचवायचं होतं त्यांना.

"काकी विचारत होती, एकदा जेवायला ये म्हणून," ते म्हणाले. "आता सगळ्यांनाच घेऊन ये."

मी हो म्हटलं असावं. माझ्या पाठीवर वारा लागत होता. साधा समुद्रावरचा वारा, रोजचा, पण तो थेट आत लागत होता, अंगावर कपडा आणि कातडी नसल्यासारखा. मी सरकत सरकत जाऊन पाठ बोटीच्या फळीला टेकवली, गुडघे पोटाशी घेतले आणि अगदी स्थिर बसले. कुणाची सावली माझ्यावर पडू नये एवढंच मनात होतं.

बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेपाशी, फळीखाली दोर ठेवायचा एक कप्पा आहे. अंधारा, बुटका, एका बाजूने उघडा. दोर बाहेर काढले तर बऱ्यापैकी जागा होईल.

आधी खांदे आत घालायचे की पाय, हे मी डोळ्यांनी मापत होते.